बाबूजी आले की सगळे उभे राहतात

३ नोव्हेंबर १९९६, रविवार. तलमडुगु.

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी आजवर काऊन लिहीत नव्हतो हे कळत नाही. दुकानातून फुरसत नव्हती म्हणावं तर गिऱ्हाईकही फार नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो. घरात कोणी नाही, दार नुसतं लोटलेलं. चहा झाकून ठेवलेला, थंडगार. रेणुका, स्वरूपा, मारोती, तिघंही समोर उत्तमरावांकडे कलर टीव्ही बघायला गेलेली. उत्तमरावांनी दसऱ्याला टीव्ही आणि केबल घेतली तेव्हापासून रोजचंच आहे हे. बायको आणि दोन पोरं असलेला मी, सुधाकरराव, जनरल स्टोअर्सचा मालक, रोज संध्याकाळी भिंतीशी बोलतो.

आमच्याकडे टीव्ही नाही असं नाही. शहाऐंशी सालचा आहे, लाकडी शटरचा, शटरला कुलूप. गल्लीतला पहिला टीव्ही तो. ब्लॅक अँड व्हाईट काचेवर मी पुढं दोन वर्षांनी कलरची शीट लावली. वर निळी, मधे केशरी, खाली हिरवी. आभाळ निळं दिसतं, जमीन हिरवी दिसते. याला कलर नाही तर काय म्हणतात? मारोती म्हणतो, बाबा, बातम्यावाल्या बाईच्या गळ्याखाली गवत उगवते. पोराला नजरच नाही.


५ नोव्हेंबर, मंगळवार.

मंगळवार आला की ती जुनी सिरियल आठवते. सत्त्याऐंशी साली लागायची. त्यात बाबूजी ऑफिसातून घरी आले की सगळं घर उभं राहायचं. बायको पाण्याचा तांब्या घेऊन, मुलगा बॅग घ्यायला, मुलगी टॉवेल घेऊन. म्हातारी आईसुद्धा अर्धी उठायची. बाबूजी बोलायचे काही नाहीत, नुसती मान हलवायचे. तेव्हा मी रेणुकाला म्हटलं होतं, बघ. ती म्हणाली, बघूनच राह्यली ना. त्यापुढे काही झालं नाही.

आज एकट्यानं चहा गरम केला. उतू गेला.

निश्चय: हे बदलायचं. कसं, ते उद्या.


६ नोव्हेंबर, सकाळी. दुकानात.

सापडलं. पिक्चर काढायचा.

स्टोरी: आजकालची दोन बिघडलेली पोरं, भाऊ आणि बहीण. भाऊ छपरावर चढून अँटेना यवतमाळच्या टॉवरकडे फिरवून राह्यला, बहीण खालून आलं, गेलं, आलं करते. तेवढ्यात अँटेनाला करंट लागतो आणि दोघं सरळ जुन्या सिरियलमध्ये, बाबूजींच्या घरात. तिथं सगळं ब्लॅक अँड व्हाईट, सगळं शिस्तीत. पोरं सुधारतात. परत आल्यावर खऱ्या बापाला बघून आपोआप उभी राहतात. दि एंड. कॉमेडी ठेवायची, म्हणजे उपदेश चालला आहे हे कोणाच्या ध्यानात येणार नाही.

बाबूजींच्या रोलसाठी योग्य माणूस मिळणं अवघड आहे. दुपारपर्यंत विचार केला. मीच करीन.


१० नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.

घरी स्टोरी वाचून दाखवली. परिणाम चांगला. मारोतीनं विचारलं, त्या घरात ते दोघं दिवसभर करतील काय? मी म्हटलं, पाया पडतील. तो म्हणाला, अन् मग? सोळा वर्षांच्या पोराला एवढाच प्रश्न पडतो.

स्वरूपा कॉलेजात इंटरला आहे, तिला जास्तच प्रश्न पडतात. म्हणाली, बाबा, त्या सिरियलमधल्या आईचं नाव काय होतं? आठवेना. मी सांगितलं, आईला कशाला नाव लागते, आई म्हणजे आई. रेणुका करंजी तळत होती. तिनं झारा जोरात आपटला. तेल तापलं असेल.


१२ नोव्हेंबर. भाऊबीज.

नार्नूरहून जयवंताआक्का आली. मोठी बहीण, आईच्या जागी. ओवाळून झाल्यावर रेणुका पोरांना घेऊन उत्तमरावांकडे फराळाला गेली ती टीव्हीपुढे बसली. आक्का आणि मी दोघंच. मी आपलं टीव्हीचं शटर उघडून ठेवलं होतं. आक्का म्हणाली, रोज असाच बसतोस काय रे? मी म्हटलं, मला शांतता लागते.

तिला पिक्चरचं सांगितलं नाही. सरप्राइज.


१५ नोव्हेंबर. आदिलाबाद.

कापसाच्या गाड्यांतून वाट काढत केशवरावांचा स्टुडिओ गाठला. जिल्ह्यात लग्नाची व्हिडिओ शूटिंग यांच्याइतकी कोणी करत नाही म्हणतात. बसल्याबरोबर त्यांनी विचारलं, मुलाकडचे का मुलीकडचे? मी म्हटलं, डायरेक्टर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, हार घालायचा सीन आहे ना? तो असला म्हणजे कॅसेट उठते.

तुळशीचं लग्न लागलं की त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. मोठ्या मिनतवारीनं एक डिसेंबर दिला. अर्धं जग ब्लॅक अँड व्हाईट पाहिजे हे सांगितलं तर ते टीव्हीच्या कसल्याशा बटणाचं सांगायला लागले. मी म्हटलं, टेक्निकल बाजू माझ्यावर सोडा. माझं डोकं चाललंच होतं. सगळ्यांना पांढरे कपडे घातले, लाल-हिरवं काही दिसू दिलं नाही, की झालं ब्लॅक अँड व्हाईट. एवढी साधी गोष्ट लोकांना काऊन सुचत नाही?


१९ नोव्हेंबर.

घरात भांडण. कारण किरकोळ.

बाबूजींच्या बायकोचा रोल रेणुकाचा. मी पांढरं लुगडं आणून दिलं. तिनं ते दोन बोटांनी उचललं आणि विचारलं की तुमचं डोकं ठिकाणावर आहे काय, नवरा जिवंत असताना मी पांढरं नेसू? मी समजावलं, हे आर्ट आहे. ती म्हणाली, आर्ट असंन तर तुमीच नेसा.

कुंकवाचंही तेच. लाल चालणार नाही, काळी टिकली लाव म्हटलं. बांगड्यांचा तर केशवरावांनीच निरोप धाडला आहे, माइकमध्ये खणखण येते, काढून ठेवायच्या. रेणुका दोन तास बोलली नाही. घरात इतकी शांतता, आणि मला शांतता लागते असं मीच म्हणतो, पण बरं वाटलं नाही.


२० नोव्हेंबर.

तोडगा निघाला. तोही माझ्याच युक्तीनं. रेणुका म्हणाली, एक दिवस नेसते, पण मंगळसूत्र आत झाकून ठेवीन, एक बांगडी पदराखाली राहील, आणि पिक्चर झाला की घरात कलर टीव्ही येईल. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून मला शपथ घ्यायला लावली. मी खुशाल घेतली. पिक्चर बघितल्यावर तिला कलर टीव्ही नकोच वाटणार आहे. तिला हे ठाऊक नाही. मनातल्या मनात हसलो.


२७ नोव्हेंबर.

तालीम. मी बाहेरून येतो, तिघं उभे राहतात, मी मान हलवतो. एवढंच. पहिल्या वेळी मारोती हसला. दुसऱ्या वेळी स्वरूपा. तिसऱ्या वेळी रेणुका पदरात तोंड घालून आत पळाली. मग कोणी उठेचना. स्वरूपा म्हणाली, बाबा, तुम्ही बाबूजीसारखे येत नाही, उधारी मागायला आल्यासारखे येता. अभिनयातलं तिला काय कळतं? माझं येणं खूप खोल आहे.

निश्चय: शूटिंगच्या दिवशी हसणाऱ्याला जेवण नाही. (स्वयंपाक रेणुका करते हे नंतर लक्षात आलं.)


१ डिसेंबर, रविवार. शूटिंग.

ऐतिहासिक दिवस. आज झोप येणार नाही, दुपारी भरपूर झाली.

केशवराव जनरेटर, हॅलोजन सगळं घेऊन आले. गाव लोटलं. हॅलोजन लागल्याबरोबर लोक ओळीनं उभे राहिले आणि कॅमेऱ्याकडे बघून हात जोडायला लागले, लग्नातल्यासारखे. गल्लीतली सखूबाई मावशी तर खणाचा आहेर घेऊन आली. परत न्या म्हटलं तर रागावली, म्हणून घेतला.

मारोती छपरावर चढला, करंट लागल्याचं नाटक केलं, उत्तम. मी मात्र त्याला खाली घेऊन पुन्हा चढवलं, कारण डायरेक्टरनं काहीतरी बदलायचं असतं. उभं राहण्याचा सीन पुष्कळदा घेतला. शेवटी केशवराव म्हणाले, राहू द्या, मिक्सिंगमध्ये बघू.

मग बाबूजींच्या दुपारच्या झोपेचा सीन. घरात उजेड पुरेना म्हणून बाज अंगणात रस्त्याच्या कडेला टाकली. मी आडवा. अंगावर पांढरी चादर. जनरेटरनं कान फाटून राह्यले होते म्हणून दोन्ही कानांत कापूस घातला, या दिवसांत कापसाला तोटा नाही. उशाशी रेणुका, पांढऱ्या लुगड्यात, दिसतो तो हात मोकळा, खाली मान. दोन्ही बाजूला पोरं पांढऱ्या कपड्यांत. केशवरावांनी सगळ्या गावाला गप्प उभं केलं. मधे आदिलाबादची बस गेली, गर्दीपाशी जरा हळू झाली, प्रवासी खिडक्यांतून वाकवाकून बघत होते असं मारोती म्हणतो. मी डोळे मिटले होते. रोलमध्ये इतका शिरलो की उठलो तेव्हा ऊन गेलं होतं. तोवर त्यांनी एकदोन किरकोळ सीन घेतले म्हणे. काय घेतलं ते कोणी सांगत नाही.

संध्याकाळी मिक्सिंगसाठी केशवरावांसोबत आदिलाबादला. मुक्काम त्यांच्याकडेच.


२ डिसेंबर. दुपारी, स्टुडिओत.

कॅसेटचा एक तुकडा तेवढा पाहिला, बाकीची अजून मिक्सिंगला. एक गडबड आहे. पिक्चर कलर आला आहे. पांढरं लुगडं पांढरंच आहे, पण त्यामागे कडुलिंब हिरवागार, उत्तमरावांची भिंत गुलाबी, आणि एक कोंबडा मधूनच येतो तो तर लालभडक. केशवराव म्हणाले, मी हेच सांगत होतो तेव्हा, टीव्हीवर कलरचं बटण असते, ते उतरवलं की सगळं ब्लॅक अँड व्हाईट. कपडे कोणतेही असोत.

आमच्या टीव्हीला तसं बटण नाही. मला कसं माहीत असणार? रेणुकाला हे सांगायचं की नाही ते ठरवतो.

ठरवलं. नाही.


त्याच दिवशी, रात्री आठ. तलमडुगु.

क्रमानं लिहितो.

बसमधून उतरून घरी आलो. नेहमीसारखं घर रिकामं असणार म्हणून मनाची तयारी होती. तर दारात चपलांचा ढीग. वाटलं, पिक्चरचा बोभाटा झाला, लोक भेटायला आले. बूट सोडायला खाली वाकलो तर आतून आक्काचं रडणं ऐकू आलं. आक्का, नार्नूरहून, इथं, न कळवता?

ती कोणाला तरी सांगत होती की तो लहानपणापासून असाच, मनात घेतलं की घेतलं. बायकोनं आयुष्यात एक कलर टीव्ही मागितला तर कागद चिकटवून म्हणे हाच कलर. मग आक्काच्या नवऱ्याचा, भगवानराव भाऊजींचा आवाज आला. ते म्हणाले, माणूस वाईट नव्हता. बोलायचा लय.

मी तिथंच बुटाची लेस धरून बसलो. मग आक्का म्हणाली, भाऊबीजेला आली तर एकटाच बसला होता माझा भाऊ. टीव्हीचं शटर उघडून, बाजूला सतरंजी टाकून. कोणी तरी येऊन बसंन म्हणून. अन् मले म्हणे, शांतता लागते.

मला भरून आलं. कोण गेलं बिचारं, असंही क्षणभर वाटलं. आणि तसाच आत गेलो.

सगळे उभे राहिले.

एकदम, सगळे. भाऊजी, आक्का, तिच्या घरची पाच-सहा माणसं, सखूबाई मावशी. मावशी तर अर्धी नाही, पूर्ण उठली. मी मान हलवली. नऊ वर्षांची तयारी होती, आपोआप हलली.

आक्काच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला. ती जवळ आली, माझा गाल चाचपला, आणि त्याच गालावर एक ठेवून दिली. मग गळ्यात पडून रडली. मीही रडलो. इथं लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचणार नाही.

झालं होतं असं की कालच्या बसमध्ये भाऊजी होते. खिडकीतून त्यांनी बाज पाहिली, चादर पाहिली, कानांतला कापूस पाहिला, पांढऱ्या लुगड्यातली रेणुका पाहिली. अशा घरी एकट्यानं आणि रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून ते उतरले नाहीत, थेट नार्नूर गाठून सगळ्यांना घेऊन आले. अशा घरी चूल पेटत नाही म्हणून आक्कानं पिठलं-भाकरी शिजवून आणली होती. आले तर घरात कोणी नाही. रेणुकाला कोणी तरी धीर द्यायला नेलं असेल असं समजून बसले. त्यांचं रडणं ऐकून सखूबाई मावशी आली, आणि काय झालं हे न विचारता तीही रडायला बसली. पद्धत म्हणून.

रेणुका उत्तमरावांकडेच होती. पोरांना घेऊन आली ती कपाळभर कुंकू आणि हातभर बांगड्या. आक्का तिच्याकडे बघतच राहिली. प्रकार रेणुकाला कळला. मला वाटलं आता हसेल. हसली नाही. आत जाऊन स्वतः पाणी आणलं, मला दिलं आणि पांढरं लुगडं कुठं आहे ते विचारून बोहारणीसाठी बाहेर काढून ठेवलं. म्हणाली, पुन्हा असलं सोंग नाई.

सगळ्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली. मीही खाल्ली. चांगली झाली होती. जेवताना रेणुका माझ्या बाजूलाच बसून राहिली, आणि आज कोणीही टीव्हीचं नाव काढलं नाही.


३ डिसेंबर.

शांतपणे विचार केला. निष्कर्ष: अभिनय इतका अस्सल होता की बसमधला माणूस फसला. भाऊजींना हे सांगितलं. ते म्हणाले, हाव, झोपाचा अभिनय तुमाले चांगला जमते. आक्का मधूनमधून येऊन माझा दंड दाबून बघते.


८ डिसेंबर, रविवार. प्रीमियर.

केशवराव कॅसेट आणि व्हीसीआर घेऊन आले. आमच्या टीव्हीला तो जोडता येईना, म्हणून उत्तमरावांकडे. त्यांच्या घरात मी दसऱ्यानंतर पहिल्यांदा पाय ठेवला. उत्तमरावांनी खुर्ची दिली. माणूस बरा आहे.

पिक्चर सुरू. सुरुवातीलाच गुलाबाची दोन फुलं फिरत आली आणि मधे एक बदाम उमलला. केशवराव म्हणाले, लग्नाच्या कॅसेटी करून हात तसाच बसला आहे. पोरं सिरियलमध्ये शिरल्याबरोबर मारोतीनं उठून कलरचं बटण उतरवलं. सगळं जग ब्लॅक अँड व्हाईट. रेणुकानं ते बटण पाहिलं. मग पांढरं लुगडं आठवलं असावं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची जरा मागे घेतली.

मी घरी येतो, घर उभं राहतं, हा सीन. केशवरावांनी सगळी बिघडलेली शूटिंग एकामागे एक लावली आहे. मी येतो, मारोती हसतो. मी येतो, स्वरूपा हसते. मी येतो, रेणुका पळते. शेवटच्या वेळी मी येतो आणि माझाच तोल सुटतो, मीही हसतो. हे मला आठवतच नव्हतं. लोक जमिनीवर लोळले. उत्तमरावांनी पुन्हा लावायला लावला. पब्लिकला शिस्तीचं महत्त्व पटलं, असं मी धरतो.

मग माझ्या झोपेचा सीन. त्यात मी झोपलो आहे, घोरण्याचा आवाजही आला आहे, आणि पोरं आईला बाजेच्या आडोशाला नेतात. हे माझ्या स्टोरीत नव्हतं. स्वरूपा विचारते, आई, तुझं नाव काय? बाई घाबरून बाजेकडे बघते. मग म्हणते, रेणुका. मारोती विचारतो, तुले काय आवडते? ती आधी पदर सारखा करते. मग म्हणते, लाल रंग. आणि संध्याकाळी घरात सगळे असले की मले आवडते, पण कोणी ये, बस, असं म्हणत नाई, सगळे नुसते उभेच राहतात. मग ती पदराखालचा हात बाहेर काढते. एक बांगडी.

तेवढ्यात मारोतीनं बटण वर फिरवलं. बांगडी लाल झाली. कडुलिंब हिरवा झाला. खोलीत कोणी हसलं नाही. सखूबाई मावशीनं डोळ्यांना पदर लावला. मी रेणुकाकडे पाहिलं. ती खाली बघत होती, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हे मला कलरमध्ये दिसलं.

झाल्यावर लोकांनी डायरेक्टर कोण म्हणून विचारलं. शेवटचा सीन माझा नाही हे सांगायला उठलो होतो. टाळ्या इतक्या पडल्या की राहून गेलं.


१५ डिसेंबर.

शपथ शपथ असते. शिवाय कलर टीव्ही घ्यायचं मी आधीपासून ठरवलंच होतं. मागची पानं बघितली. तसं लिहिलेलं नाही, पण मनात होतं.


२२ डिसेंबर.

टीव्ही आला. बटण आहे. जुन्यावरची शीट काढायला गेलो तर ती इतक्या वर्षांत काचेला चिकटून बसली आहे. निळी थोडी निघाली. रेणुकानं जुन्या टीव्हीवर पापड वाळत घातले.

निश्चय: नवा टीव्ही रोज फक्त एक तास. संध्याकाळी मी घरी आलो की पाच मिनिटं बंद, सगळे उभे, मी मान हलवीन, मग पुन्हा चालू. उद्यापासून.


२३ डिसेंबर.

परवापासून.


२४ डिसेंबर, मंगळवार.

दुकान बंद करून आलो. दारात चपला, आमच्या आणि उत्तमरावांच्या घरच्याही. आजकाल ते इकडे येतात, यांचा टीव्ही मोठा आहे म्हणतात. आत खोली भरलेली. मी दारात उभा राहिलो. खाकरलो. कोणी उठलं नाही. पुन्हा खाकरलो. मारोती म्हणाला, बाबा, बाजूला व्हा ना, दिसून नाई राह्यलं.

रेणुकानं टीव्हीवरची नजर काढली नाही. नुसती थोडी सरकली, शेजारची सतरंजी हातानं झाडली आणि म्हणाली, या, बसा. मी बसलो. तिनं आपला अर्धा कप चहा माझ्यापुढे केला. गरम होता. मान हलवायची राहून गेली.